गहिवर मोजता येतो का? 'व्हेंटिलेटर'च्या निमित्ताने

पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीत हमखास विचारतात, "तुमचा संशोधनाचा प्रश्न काय?" आणि हमखास येणारं उत्तर म्हणजे विषयाचं नाव. "मराठी चित्रपट आणि कुटुंबसंस्था" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा की त्याचं आपण मनात धरलेलं उत्तर चुकीचं ठरू शकेल. हा फरक आज एका ओळखीच्या गोष्टीवरून बघू. सणासुदीला टीव्हीवर एखादा कौटुंबिक सिनेमा लागतो, दुरावलेली माणसं शेवटी एकत्र येतात आणि घरातलं कोणीतरी हळूच चष्मा पुसतं. रडू नेमकं कशाचं येतं?

अमेरिकेत अशा सिनेमांचा खास हंगाम असतो. हॉलमार्क ही वाहिनी २००९ पासून दरवर्षी नाताळच्या आधी 'काउंटडाउन टू ख्रिसमस' या नावाखाली असेच टीव्हीपट ओळीने दाखवते. गावाकडे परतलेली मुलगी, रुसलेले वडील, बर्फ, आणि शेवटी एक दुसरी संधी. या सगळ्यांचा आजोबा शोभेल असा सिनेमा म्हणजे फ्रँक काप्राचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६). नाताळच्या आदल्या रात्री जीव द्यायला निघालेल्या माणसाला आयुष्य परत मिळतं, अशी ती गोष्ट. ऑस्करची पाच नामांकनं मिळूनही पहिल्या प्रदर्शनात त्याचा खर्च निघाला नाही. पुढे १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण झालं नाही, आणि टीव्ही केंद्रांनी तो दर नाताळात पुन्हा पुन्हा दाखवायला सुरुवात केली. मग तो घराघरात पोचला.

आता सांगा, तो लोकप्रिय कशामुळे झाला? कथेमुळे, सणामुळे, की स्वस्तात सारखा दाखवल्यामुळे? तिन्ही गोष्टी एकदम घडल्या असतील तर नुसतं बघून उत्तर मिळत नाही. एका कारणात दुसरं कारण असं मिसळून येणं हा संशोधनातला नेहमीचा पेच आहे. तो डोक्यात ठेवून आपल्याकडे येऊ.

आपला नाताळ म्हणजे, निदान कोकणातल्या माणसासाठी, गणपती. राजेश मापुसकर दिग्दर्शित 'व्हेंटिलेटर' ४ नोव्हेंबर २०१६ ला प्रदर्शित झाला. कामेरकर कुटुंबातले ज्येष्ठ गजानन काका गणपतीच्या तोंडावर कोमात जातात, व्हेंटिलेटरवर ठेवले जातात आणि सगळा गोतावळा हॉस्पिटलात जमतो. काळजी खरी असतेच, पण काकांचं काही बरंवाईट झालं तर सुतक येणार आणि गणपतीचं काय, हीसुद्धा चिंता असते. काका आणि त्यांचा मुलगा प्रसन्न (जितेंद्र जोशी) यांचं पटत नाही. पुतण्या राजा (आशुतोष गोवारीकर) आणि त्याचे वडील भाऊ (सतीश आळेकर) यांच्यातही बोलणं कमी आणि अडून राहणं जास्त. या सिनेमाला ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शन, संकलन आणि ध्वनिमिश्रण असे तीन पुरस्कार मिळाले.

आमच्या भागात, म्हणजे पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत, हा सिनेमा जरा वेगळा लागतो, असं मला वाटतं. इथली बरीच माणसं कारखान्यामुळे इथली झाली. कोणी कोकणातून, कोणी मराठवाड्यातून, कोणी खानदेशातून. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या आधी वल्लभनगरच्या एसटी आगारात जाऊन उभं राहा, म्हणजे 'कुटुंब एकत्र येणं' या शब्दांना किती पिशव्या लागतात ते दिसेल. पण "मला वाटतं" हे निरीक्षण झालं. त्याचा प्रश्न करायचा तर आधी पर्यायी उत्तरं मांडायला हवीत.

तीन उत्तरं सहज सुचतात. पहिलं, आपण दुःखाने रडतो, कारण कोणीतरी मरणाच्या दारात आहे. दुसरं, आपण आनंदाने रडतो, कारण शेवट गोड होतो. तिसरं, रडू दुःखाचंही नाही आणि आनंदाचंही नाही. दोन माणसांमधलं अंतर अचानक कमी होतं, त्या बदलाचं ते रडू असतं. तिसऱ्या उत्तराची गंमत अशी की त्यात जवळीक किती आहे यापेक्षा ती किती झटकन वाढली याला महत्त्व आहे. रोज गळ्यात गळे घालणाऱ्या बापलेकांनी मिठी मारली तर आपण चहा पीत राहतो. वर्षभर न बोललेल्या बापाने "जेवलास का?" एवढंच विचारलं तर घोट घशात अडकतो.

तिसरं उत्तर मांडणाऱ्यांमध्ये मानववंशशास्त्रज्ञ अॅलन फिस्क आणि मानसशास्त्रज्ञ थॉमस शूबर्ट व बेआटे झाइब्ट हे प्रमुख. या भावनेला त्यांनी संस्कृतवरून नाव दिलं, 'काम मूत', म्हणजे प्रेमाने हेलावलेला. मराठी कानाला हे नाव ऐकून हसू येईल, येऊ द्या. कल्पना मात्र पक्की आहे: आपलेपणाचं नातं एकाएकी घट्ट झालेलं दिसलं की ही भावना उठते, आणि तिच्यासोबत डोळ्यांत पाणी, अंगावर काटा आणि छातीत ऊब येते.

हे तपासलं कसं? शूबर्ट आणि सहकाऱ्यांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने मांडणीसाठी वाचावा. त्यांनी सहा छोटे व्हिडिओ घेतले. प्रेक्षकांचे सात वेगवेगळे गट केले. एका गटाने व्हिडिओ बघता बघता क्षणाक्षणाला सांगायचं, आत्ता मी किती हेलावलोय. दुसऱ्याने फक्त पात्रांमधली जवळीक सांगायची. बाकीच्या गटांनी अनुक्रमे रडू, काटा, छातीतली ऊब, आनंद आणि दुःख. शिवाय आपलेपणाचं नातं कुठे किती दिसतं, याचं मूल्यांकन तज्ज्ञांनी वेगळं केलं.

इतके गट कशाला, एकाच माणसाला सगळं विचारलं असतं तर? तर तो माणूस स्वतःच्या उत्तरांशी सुसंगत राहायला लागला असता. "आत्ताच मी हेलावलो म्हटलं, म्हणजे जवळीकही वाढलीच असणार." मग दोन आलेख जुळले तरी ते सिनेमामुळे जुळले की उत्तर देणाऱ्याच्या सभ्यपणामुळे, हे कळलं नसतं. गट वेगळे ठेवल्यावर ही वाट बंद होते.

निष्कर्ष असा की 'हेलावणं' आणि 'जवळीक' यांचे आलेख एकमेकांशी आणि रडू, काटा, ऊब यांच्याशी ठळकपणे जुळले. आनंद आणि दुःख यांच्याशी ते स्पष्टपणे कमी जुळले. म्हणजे पहिल्या दोन उत्तरांना हरायची आणि तिसऱ्यालाही हरायची, अशी समान संधी होती. तिसरं टिकलं.

अशा अभ्यासात एक सापळा असतो, तो लक्षात ठेवा. सिनेमा शेवटाकडे जाताना सगळंच वाढतं: संगीत, जवळीक, रडू, समोरच्या वाटीतले संपलेले शेंगदाणेसुद्धा. दोन चढते आलेख ठेवले की ते जुळल्यासारखे दिसतातच. म्हणून कालमालिकेच्या विश्लेषणात आधी हा एकूण चढ बाजूला काढतात आणि उरलेले बारीक चढउतार एकत्र हलतात का, कोण आधी हलतं, हे बघतात. आणि तरीही हा सहसंबंधच राहतो. कार्यकारणभाव म्हणायचा तर प्रयोग हवा. उदाहरणार्थ, एकाच प्रसंगाच्या दोन आवृत्त्या करायच्या, एकीत बापलेकांमधला आधीचा अबोला दाखवायचा, दुसरीत तो कापायचा. शेवटची भेट दोन्हींत तीच. अबोला कापल्यावर गहिवर कमी झाला नाही, तर तिसरं उत्तर अडचणीत येईल. छोट्या व्हिडिओंनी जे पूर्ण कळत नाही ते इथे कळू शकतं, कारण दोन तासांच्या सिनेमात अंतर तयार करायलाच दीड तास जातो.

आता मराठीत हा अभ्यास करायचा म्हणा. पहिली अडचण शब्दांची. 'हेलावणं' आपण अपघाताची बातमी वाचूनही वापरतो. 'गहिवरणं' मात्र मायेच्या जवळ जातं. प्रश्नावलीत कोणता शब्द घालता यावर तुम्ही शोक मोजताय की माया हे ठरेल. म्हणून एकाने मराठीत भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत उलटवायचं आणि मग दोन्ही शेजारी ठेवायची, ही पद्धत आहे. या भावनेची मोजपट्टी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १९ देशांत आणि १५ भाषांत तपासली गेली. आपली सोय अशी की शरीराच्या खुणा मराठीत आयत्याच आहेत: ऊर भरून येणं, कंठ दाटणं, अंगावर काटा येणं. छातीतली ऊब म्हणजे काय हे चाकणच्या कामगाराला समजावत बसायला नको, "ऊर भरून आला का?" विचारलं की पुरे.

दुसरी अडचण नमुन्याची. रविवारी सकाळी चिंचवडच्या एखाद्या सोसायटीत प्रश्नावल्या वाटल्या तर कारखान्यातले लोक कमी सापडतील, कारण इथल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि काम तीन पाळ्यांत चालतं. सणही सगळ्यांचा एक नाही. कोकणातल्या माणसाचा गणपती, मराठवाड्यातल्याची दिवाळी, बिहारमधून आलेल्याची छठ, इथल्या मल्याळी ख्रिस्ती कुटुंबांचा नाताळ. 'व्हेंटिलेटर' सगळ्यांना दाखवला तर कोकणातल्यांचा गहिवर जवळिकीचा की ओळखीच्या आरतीचा, हे वेगळं करता येणार नाही. २०१८ मध्ये याच कथेवर गुजराती सिनेमा आला, त्याची तुलना इथे उपयोगी पडू शकते. शिवाय "शेवटचे घरी कधी गेला होतात?" हा प्रश्न विचारायलाच हवा. माझा अंदाज असा की अंतर जितकं मोठं तितका गहिवर जास्त. तो चुकीचा निघू शकतो, म्हणून तो प्रश्न म्हणून चालेल.

तिसरी बाब अडचण नव्हे, जबाबदारी आहे. हा सिनेमा व्हेंटिलेटरभोवती फिरतो. २०२० आणि २०२१ मध्ये या शहरातल्या कित्येकांनी आपलं माणूस त्याच यंत्रावर गमावलं, काहींना शेवटचं जवळ बसताही आलं नाही. तुमच्या समोर बसलेल्या माणसाचे अश्रू गहिवराचे की शोकाचे, हे आलेखावरून कळणार नाही. सिनेमातल्या मुलाला जी दुसरी संधी मिळते ती त्याला मिळाली नव्हती. त्यामुळे दाखवण्याआधी कथेत काय आहे ते स्पष्ट सांगणं, मध्येच उठून जायची मोकळीक देणं, आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी घेणं ही कागदी पूर्तता समजू नका. जो उठून गेला त्याला कारण विचारायचं नाही, हेही आधीच लिहून ठेवा.

शेवटचा मुद्दा, ज्यावर अजून भरपूर काम करण्यासारखं आहे असं मला वाटतं. गहिवरून पुढे काय होतं? सिनेमा संपला, डोळे पुसले, आणि माणूस दुसऱ्या पाळीला गेला. त्याने अबोला धरलेल्या भावाला फोन केला का? भावना मोजणं आणि वागणं मोजणं यात फार अंतर आहे. मांडणी अवघड नाही. एका गटाला हा सिनेमा, दुसऱ्याला तेवढ्याच लांबीचा विनोदी सिनेमा, कोणाला कोणता हे चिठ्ठीने. दोन आठवड्यांनी दोन्ही गटांना एकच साधा प्रश्न: मधल्या काळात घरच्या कोणाशी, बऱ्याच दिवसांनी, बोललात का? सणाच्या आठवड्यात हे करू नका. तेव्हा सगळेच फोन करतात.

सरावासाठी हे करून बघा. एखाद्या कौटुंबिक सिनेमातला दहा मिनिटांचा भेटीचा प्रसंग निवडा. तीन मैत्रिणींना तो वेगवेगळा बसून बघायला सांगा: एकीने दर अर्ध्या मिनिटाला जवळीक शून्य ते दहामध्ये लिहायची, दुसरीने गहिवर, तिसरीने दुःख. तिन्ही आलेख एका कागदावर काढा. तीन माणसांवरून निष्कर्ष काढायचा नाही, पण कोणता आलेख कोणाच्या मागे धावतो ते दिसेल, आणि मुलाखतीत प्रश्न विचारला की सांगायला विषयाच्या नावापेक्षा जास्त काहीतरी असेल.