निरोपाचं इंधन: मेंदूतल्या आधारपेशी आणि अमिनो आम्लं

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण चेतापेशी एकमेकींशी कशा बोलतात ते पाहिलं. आज त्यांच्या शेजारणींकडे वळू. मन आणि शरीर यांच्या नात्यावर आपण तत्त्वज्ञानाची माणसं भरपूर काथ्याकूट करतो. पण या शेजारणींचं नाव त्यात सहसा येत नाही.

१८५८ मध्ये रुडॉल्फ विर्खोव यांनी बर्लिनमध्ये दिलेली व्याख्यानं प्रसिद्ध आहेत. चेतापेशींच्या मधली जागा भरणाऱ्या द्रव्याला ते 'न्यूरोग्लिया' म्हणत. ग्रीकमध्ये ग्लिया म्हणजे डिंक, सरस. म्हणजे नाव ठेवतानाच निकाल लागला: विचार करतात चेतापेशी, बाकीच्या नुसत्या चिकटवून ठेवतात. याच 'डिंका'तल्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट. आपण त्यांना तारकापेशी म्हणू.

आता ऊर्जेचा हिशेब. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण आपण स्वस्थ पडून असलो तरी शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो वापरतो. त्याचं मुख्य इंधन ग्लुकोज, यात शंका नको. मग अमिनो आम्लं कुठून आली?

ग्लुटामेट घ्या. १८६६ मध्ये रिटहाउझेन या जर्मन रसायनतज्ज्ञाने ग्लुटामिक आम्ल गव्हाच्या ग्लुटेनपासून वेगळं केलं. म्हणजे आपल्या पोळीत जे भरपूर आहे, तेच. गंमत अशी, की लॅटिनमध्ये ग्लुटेन म्हणजेही सरसच! मेंदूत मात्र ग्लुटामेट हा निरोप्या आहे. एक चेतापेशी ते सोडते, दुसरी उत्तेजित होते. पण निरोप पोचल्यावर निरोप्या दारातच उभा राहिला, तर पलीकडची पेशी उत्तेजित होत होत मरूही शकते. म्हणून तारकापेशी त्याला झटपट आत ओढून घेतात.

हे फुकट होत नाही. एका ग्लुटामेटबरोबर सोडियमचे ३ आयन आत येतात. ते बाहेर उपसायला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या नाण्याचा, १ रेणू लागतो. पुढे दोन वाटा आहेत. पहिली वाट परतीची: आणखी १ एटीपी खर्चून ग्लुटामेटचं ग्लुटामिन करायचं आणि ते चेतापेशीला परत द्यायचं. दुसरी वाट चुलीची: त्याचा अमिनो गट काढायचा, की उरतं अल्फा-कीटोग्लुटारेट. ते मायटोकॉन्ड्रियातल्या क्रेब्स चक्रात जातं आणि ऊर्जा मिळते. पुरतं जळण्यासाठी मात्र त्याला चक्रातून बाहेर पडून, पायरुव्हेट होऊन पुन्हा आत यावं लागतं. तसं झालं, तर एका ग्लुटामेटमागे वीसहून अधिक एटीपी मिळतात. हमालाने ओझ्यातूनच हमाली काढून घ्यावी, तसं हे आहे.

कुठली वाट कधी? मेरी मॅककेना आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या तारकापेशींवर दाखवलं, की बाहेरचं ग्लुटामेट वाढलं की चुलीत जाणारा वाटाही वाढतो. पण जे जळलं, ते नव्याने घडवावं लागतं. त्यासाठी लागणारं पायरुव्हेट कार्बॉक्सिलेज हे विकर मेंदूत मुख्यतः तारकापेशींकडेच आहे. जाळणारीही तीच, घडवणारीही तीच.

आता नीट ऐका, कारण हा भाग घरापर्यंत येतो. अमिनो आम्ल जाळलं की नायट्रोजन उरतो, आणि मोकळा अमोनिया विषारी. यकृत त्याचा युरिया करतं. मेंदूला तो मार्ग पूर्ण नाही. तिथे तारकापेशी अमोनिया ग्लुटामिनमध्ये बांधून टाकतात. यकृत निकामी होऊ लागलं, की रक्तातला अमोनिया वाढतो, तारकापेशींत ग्लुटामिन साठतं आणि त्या सुजतात. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो, हात पुढे धरले की फडफडतात. घरचे म्हणतात, वय झालं, नाटक करतोय, नाहीतर पिऊन आलाय. यकृताच्या रुग्णात हे दिसलं, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावं. यावर उपचार आहेत. आणि आपल्याच मनाने त्याची डाळ-दूध बंद करू नये. प्रथिनं तोडण्याचा जुना सल्ला आता सरसकट दिला जात नाही.

आपल्या परंपरेत 'सहकारी कारण' असा शब्द आहे. बीजातून अंकुर येतो खरा, पण माती-पाण्यावाचून येत नाही. आपण मात्र 'सहकारी' ऐकलं की 'दुय्यम' समजतो. इथे तर माती सुजली आणि विवेकच ढळला. ज्याला आपण 'माझं शहाणपण' म्हणतो, ते कुणाच्या तरी साफसफाईवर उभं आहे. म्हणून भ्रमात बोलणाऱ्या माणसावर स्वभावाचा शिक्का मारण्याआधी त्याच्या यकृताची चौकशी करावी, एवढं तरी या 'डिंका'कडून शिकायला हरकत नाही.

आज इथंच थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.