पाणसळ उलटी करून बघा

रत्नागिरीत चिऱ्याच्या घराचं जोतं घ्यायचं असलं, की पारदर्शक नळीत पाणी भरतात. दोघं जण दोन कोपऱ्यांत टोकं धरतात, बुडबुडा अडकलेला नाही ना हे बघतात आणि पाणी ठरलं की खुणा करतात. मग ओळंबा निघतो. पाणी आडवी रेष देतं, ओळंबा उभी. रोमन मोजणीदारांचा भरवसाही याच दोन गोष्टींवर होता.

त्यांच्या कोरोबातेस या पातळी मोजायच्या साधनाचं वर्णन रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने केलं आहे. २० रोमन फूट, म्हणजे सुमारे ६ मीटर लांब लाकडी पट्टी, टोकांना पाय आणि वरून सोडलेले ओळंबे. वाऱ्याने ओळंबे हलायला लागले तर पट्टीच्या माथ्यावरच्या खाचेत पाणी भरा, असं तो सांगतो. खाच ५ फूट लांब, १ बोट रुंद, दीड बोट खोल. सड्यावरच्या वाऱ्यात ज्याने ओळंबा धरून पाहिला आहे, त्याला ही सूचना लगेच पटेल.

आता हिशेब करू. फ्रान्समधल्या नीम शहराला पाणी आणणारा रोमन कालवा सुमारे ५० किलोमीटर लांब आहे आणि तेवढ्यात तो जेमतेम साडेबारा मीटर उतरतो. दीड मीटरच्या खाचेत हा उतार अर्धा मिलिमीटरही भरत नाही. ओल्या लाकडाच्या कडेला पाणी चिकटून वर चढतं, तेच याहून जास्त! कोकण रेल्वेचा १५० ला १ हा कमाल चढ त्याच खाचेत १ सेंटीमीटर दिसला असता.

म्हणूनच अभ्यासक एम. जे. टी. लुईस यांचा कौल लिब्रा या पातळी मोजायच्या दुसऱ्या रोमन साधनाकडे आहे. लिब्राचा अवशेष हाती नाही. लुईस यांनी तराजूच्या दांडीसारखी टांगलेली पट्टी कल्पून लिब्रा पुन्हा घडवली आणि वापरून पाहिली. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती अशी, की दांडी बिनचूक असण्याची गरजच नाही. एकदा नेम धरून वाचन घ्यायचं, दांडी उलट फिरवून दुसरं घ्यायचं. चूक एकदा वर जाते, एकदा तेवढीच खाली. खरी पातळी दोन्हींच्या बरोबर मध्ये.

जाणता गवंडीही नवी पाणसळ हातात आली की आधी भिंतीवर ठेवतो, बुडबुडा बघतो आणि तिथल्या तिथे तिची टोकं फिरवून पुन्हा ठेवतो.