एका बाळंतिणीभोवती तिघी

एका बाळंतपणाला किती हात लागतात? पैठण तालुक्यातल्या पाचोडसारख्या गावात पन्नास वर्षांपूर्वी याचं उत्तर सोपं होतं. कळा सुरू झाल्या, की सुईणीला बोलावणं जाई. ती रात्रभर बाळंतिणीजवळ बसे, पाठ चोळी, धीर देई. मोबदला म्हणजे साडीचोळी आणि थोडं धान्य.

तिची माया खरी होती, तसे धोकेही खरे होते. नाळ विळ्याने कापली, तर बाळाला धनुर्वात होण्याची भीती असे. रक्तस्राव थांबला नाही, तर तिच्याजवळ उपाय नसे. म्हणून सुईणींना प्रशिक्षण देण्यात आलं. हात, जागा, पातं, दोरा आणि नाळ या पाच गोष्टी स्वच्छ ठेवायला त्यांना शिकवलं गेलं. खुद्द पाचोडला ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट’ ही संस्था डॉ. अशोक दयालचंद यांच्या पुढाकाराने माता आणि किशोरींच्या आरोग्यासाठी अनेक दशकं काम करत आली आहे.

2005 साली चित्र पालटलं. ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगावी ‘आशा’ आली. जननी सुरक्षा योजनेत पात्र महिलेला दवाखान्यात नेण्याचा मोबदला तिला मिळू लागला. घरची बाळंतपणं कमी झाली, तसं सुईणीचं उत्पन्न आटलं. चढाओढीचं मूळ इथं आहे, बायकांच्या स्वभावात नाही. बाळंतपण एक आणि मोबदला एकीलाच, म्हटल्यावर दुसरी प्रतिस्पर्धी ठरणारच.

दवाखान्याची वाट बरोबरच आहे. राज्यात 2005-06 मध्ये सुमारे 65 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत. 2019-21 च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे 95 टक्के झालं. पण या वाटेवर सुईणीचा पाठीवरचा हात मागे राहिला.

सहकार्य जमतं, हे गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 ते 1998 या काळात 39 गावांत प्रयोग केला. बाळंतपणाला सुईणीबरोबर आरोग्यदूतही जाई. सुईण आईकडे पाही, आरोग्यदूत बाळाकडे. पुढे घरी जाऊन आजारी बाळांवर उपचारही होत. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, 62 टक्क्यांनी घटला. कामं वाटलेली होती, म्हणून कोणी कोणाची जागा घेतली नाही.

आज शहरांत पैसे देऊन ‘डूला’ मिळते. ती बाळंतपण करत नाही, सोबत करते. अशी अखंड सोबत असेल तर सिझेरियनचं प्रमाण कमी राहतं, असं 2017 च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं; त्यात 26 अभ्यास होते. सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला केंद्राने 2016 मध्ये मान्यता दिली आहे.

तेव्हा घरात गर्भवती असेल, तर आतापासूनच ठरवा. बाळंतपण नर्स आणि डॉक्टरांनी करावं. आशाताईंनी नोंद, तपासण्या आणि नंतरच्या घरभेटी सांभाळाव्यात. आणि गावात जुनी, समंजस सुईण असेल, तर सोबतीण म्हणून तिला बरोबर न्यावं, मान आणि मोबदला देऊन. रक्तस्राव, झटके किंवा लांबलेल्या कळा दिसल्या, तर मात्र वाट न पाहता 108 ला फोन करा. तिघींची कामं वेगळी आहेत. बाळंतिणीला तिघीही हव्यात.