चुनखडीचा खडा आणि समुद्रांतील शिंपला

बारामती-इंदापुराकडील काळ्या रानांत नांगर चालला म्हणजे ढेंकळांबरोबर पांढुरके, ओबडधोबड खडे वर येतात. हीच चुनखडी. तिच्यावर लिंबाचा रस पिळून पाहा. बुडबुडे येऊन ती फसफसूं लागेल. समुद्रकांठचा शिंपला घेतला तरी हेंच घडेल. कारण दोहोंचें द्रव्य एकच, कॅल्शियम कार्बोनेट. समुद्रापासून इतक्या दूरच्या आपल्या खड्याचें शिंपल्याशीं हें नातें कसें जडलें, तें पाहूं.

प्रथम एक प्रयोग. खाण्याचा चुना पाण्यांत ढवळून रात्रभर ठेवावा व वरची स्वच्छ निवळी पेल्यांत घ्यावी. तींत नळीनें हळूहळू फुंकावें. निवळी मात्र तोंडांत येऊं देऊं नये. आपल्या श्वासांत कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डाय-ऑक्साइड, असतो. त्याच्या योगानें कॅल्शियम कार्बोनेट तयार होऊन निवळी दुधासारखी दिसते. पण तसेंच फुंकीत राहिलें, तर अधिक वायूमुळें तें विरघळतें आणि पाणी पुन्हा निवळतें! हें पाणी उकळलें कीं वायु निघून जातो व पांढरा साका परत येतो.

निसर्गही हाच प्रयोग करितो. पावसाचें पाणी हवेंतून व मातींतून कर्बाम्ल वायु घेतें आणि आपल्या काळ्या खडकांतील कॅल्शियम थोडेंथोडें सोडवितें. रानांत जेथें हें पाणी आटतें, तेथें चुनखडी जमते. उरलेलें कॅल्शियम कऱ्हेवाटे नीरेंत, नीरा-नरसिंगपुरास नीरेवाटे भीमेंत, आणि पुढें कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरांत जातें. समुद्रांतील शिंपले, प्रवाळ व डोळ्यांस न दिसणारे असंख्य जीव त्याचींच आपलीं कवचें बांधितात. जीव मेले म्हणजे कवचें तळाकडे जातात. खोल पाणी थंड, फार दाबाखालचें आणि कर्बाम्ल वायूनें अधिक भरलेलें असतें. म्हणून साधारणतः ४ ते ५ किलोमीटर खोलीच्या पलीकडे बहुतेक कवचें विरघळून जातात. त्याहून उथळ तळावर त्यांचे थर सांचतात व युगें लोटल्यावर त्यांचा चुनखडक बनतो.

आतां चिंतेची गोष्ट. दगडी कोळसा व खनिज तेल जाळून मनुष्य जो कर्बाम्ल वायु हवेंत सोडतो, त्याचा सुमारें चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्यामुळें यंत्रयुगाच्या आरंभापासून समुद्राच्या वरच्या पाण्याचा पीएच सुमारें ८·२ वरून ८·१ वर उतरला आहे. आंकडा लहान दिसतो. परंतु आम्लता आणणाऱ्या हायड्रोजन आयनांचें प्रमाण त्यामुळें जवळजवळ ३० टक्क्यांनीं वाढलें. समुद्र आंबट झाला असें नाहीं; पण कवचास लागणारें कार्बोनेट पाण्यांत कमी होत चाललें आहे. आपल्या मालवणास १९८७ सालीं सागरी अभयारण्य जाहीर झालें. तेथील प्रवाळांचें रक्षण किनाऱ्यावरील पहारेकऱ्यांनीं कितीही केलें, तरी पाण्यांतील हा बदल त्यांस अडवितां येणार नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, पेल्यांतला साका पहिल्या फुंकीनें आला आणि पुढच्या फुंकीनें गेला, हें ध्यानांत ठेवा. पेला उकळून तो आपण परत आणिला. समुद्र कांहीं उकळतां येत नाहीं. तेथें फुंकणेंच आवरलें पाहिजे.