आलेखावरचा चोर-पोलीस

बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा म्हणजे आलेख. आधी पोलीस आपापले बिंदू निवडतात, मग चोर. पुढे आळीपाळीने शेजारच्या बिंदूवर जायचे किंवा जागीच थांबायचे. लपाछपी नाही, सगळे सगळ्यांना दिसतात. प्रश्न एवढाच : चोर नक्की पकडायला किमान किती पोलीस लागतील?

फांद्यांसारख्या, कुठेही वेढा न घालणाऱ्या आलेखावर एक पुरतो. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर मात्र दोन लागतात. एकटा पोलीस नुसता गोल फिरत राहतो. एक पोलीस पुरणारे आलेख नेमके कोणते, हे रिचर्ड नोवाकोव्स्की आणि पीटर विंकलर यांनी १९८३ साली दाखवले.

सर्वांत देखणा निकाल १९८४चा, आयग्नर आणि फ्रोम यांचा. रेषा एकमेकींना न छेदता कागदावर काढता येणारा जोडलेला आलेख कितीही मोठा असो, तीन पोलीस पुरतात. युक्ती अशी : दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट एकटा पोलीस राखू शकतो. काही चालींनंतर चोर त्या वाटेवर आलाच, तर लगेच सापडतो.

तीन पोलीस लागणारा सर्वांत लहान आलेख १० बिंदूंचा, पीटरसनचा. कोणत्याही जोडलेल्या आलेखाला बिंदुसंख्येच्या वर्गमुळाच्या ठरावीक पटीइतके पोलीस पुरतात, हे मेनिएल यांचे अनुमान अजून सिद्ध झालेले नाही.