पाच वापरकर्ते आणि एक संकेतस्थळ : उपयोगसुलभतेची अल्पखर्ची चाचणी

विद्यापीठाचे संकेतस्थळ ही आज केवळ प्रसिद्धीची पाटी राहिलेली नाही. प्रवेशाचा अर्ज, परीक्षेचे वेळापत्रक, निकाल, उत्तरपत्रिकेची छायाप्रत, पुनर्मूल्यांकन, स्थलांतर प्रमाणपत्र आणि पदवी प्रमाणपत्र ह्या सर्वांची वाट त्यातूनच जाते. पूर्वी खिडकीमागील कारकुनाच्या एका वाक्याने जी चूक दुरुस्त होत असे, ती आता पडद्यावर घडते, आणि तेथे ती निदर्शनास आणून देणारा कोणी नसतो. मुदत टळली तर विद्यार्थ्यास विलंबशुल्क भरावे लागते. प्रसंगी एक सत्रही गमवावे लागते. म्हणून माहिती संकेतस्थळावर आहे एवढे म्हणून भागत नाही. ज्याला ती हवी आहे त्याला ती वेळेत आणि दुसऱ्याच्या आधाराविना सापडते काय, हे पाहावे लागते.

ह्या गुणास उपयोगसुलभता असे म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ९२४१ क्रमांकाच्या मानकाच्या ११ व्या भागात (१९९८, सुधारित आवृत्ती २०१८) तिची तीन अंगे दिलेली आहेत : काम तडीस जाणे, ते बेताच्या श्रमात होणे, आणि ते करणाऱ्याचे समाधान होणे. ही तिन्ही अंगे विशिष्ट वापरकर्ते, विशिष्ट उद्दिष्टे आणि विशिष्ट परिस्थिती ह्यांच्या संदर्भातच मोजावयाची, असेही त्या व्याख्येत म्हटले आहे. अर्थात्, सर्वकाळी सर्वांना सुलभ असे संकेतस्थळ कोठेच नसते. कोणासाठी व कशासाठी, हे ठरल्यावाचून चाचणीस आरंभच करता येत नाही.

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस असलेले कळंबा हे गाव ह्या दृष्टीने उदाहरणादाखल घेता येईल. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारापासून ते काही थोड्याच किलोमीटरांवर आहे. शहरास पाणी पुरविण्यासाठी संस्थानकाळी बांधलेल्या तलावामुळे हे नाव सर्वपरिचित झाले. तलाव भरला म्हणजे प्रत्येक नळास पाणी पोचलेच, असे पाणीपुरवठ्याचा जाणकार मानीत नाही. तो मधली नळवाट तपासतो. संकेतस्थळाबाबत मात्र तलाव भरण्यावरच बहुधा काम संपते. नळवाट तपासण्यासाठी मोठा निधी आणि सुसज्ज प्रयोगशाळा लागते, हा समज त्याच्या मुळाशी आहे.

अल्पखर्ची पद्धतीचा उगम

हा समज १९८० नंतरच्या दशकातच मोडीत निघाला. १९८२ साली आयबीएममधील क्लेटन लुईस ह्यांनी वापरकर्त्यास काम करताकरता मनातील विचार मोठ्याने बोलावयास सांगण्याची पद्धती यंत्राच्या परीक्षणासाठी पुढे आणली. तिचा सैद्धांतिक आधार एरिक्सन आणि सायमन ह्या मानसशास्त्रज्ञांच्या १९८० च्या विवेचनात होता : काम चालू असताना बोललेले शब्द हे नंतर आठवून दिलेल्या स्पष्टीकरणापेक्षा अधिक विश्वसनीय असतात. पुढे १९८९ मध्ये जेकब नीलसन ह्यांनी थोडे वापरकर्ते, कागदावरील कच्चे आराखडे आणि प्रकट चिंतन ह्यांवर आधारलेली स्वस्त चाचणी हीच बहुतेक संस्थांना परवडणारी व म्हणून प्रत्यक्षात होणारी चाचणी होय, असे प्रतिपादन केले. न झालेल्या उत्कृष्ट चाचणीपेक्षा झालेली साधी चाचणी श्रेयस्कर, हा त्या प्रतिपादनाचा गाभा आहे.

पाच ह्या संख्येचे गणित

नीलसन आणि लँडॉवर ह्यांनी १९९३ मध्ये मांडलेले गणित सोपे आहे. एका वापरकर्त्याकडून एखादा दोष उघड होण्याची संभाव्यता प असेल, तर न वापरकर्त्यांनंतरही तो दोष झाकलेलाच राहण्याची संभाव्यता (१ − प) ह्याच्या न व्या घाताइतकी असते. अनेक प्रकल्पांच्या सरासरीने त्यांना प चे मूल्य ०.३१ आढळले. त्या हिशेबाने एका वापरकर्त्याकडून ३१ टक्के, तिघांकडून सुमारे ६७ टक्के आणि पाचांकडून सुमारे ८४ टक्के दोष उघडकीस येतात. त्यानंतरचा प्रत्येक वापरकर्ता बहुतांशी आधी दिसलेलेच पुन्हा दाखवितो.

तथापि हे गणित मंत्राप्रमाणे जपावयाचे नाही. प चे मूल्य ०.१० असेल, तर पाच जणांकडून केवळ ४१ टक्के दोष सापडतात. स्पूल आणि श्रोडर ह्यांनी २००१ मध्ये मोठ्या विक्री-संकेतस्थळांच्या अभ्यासात पहिल्या पाच वापरकर्त्यांकडून सुमारे ३५ टक्केच दोष मिळाल्याचे नोंदविले. लॉरा फॉकनर ह्यांनी २००३ मध्ये ६० वापरकर्त्यांच्या नोंदींतून पाच-पाच जणांचे गट यादृच्छिक रीतीने निवडून पाहिले. सरासरी ८५ टक्क्यांच्या आसपास आली, परंतु काही गटांस ९९ टक्के, तर काहींस केवळ ५५ टक्के दोष सापडले. तात्पर्य, पाच ही संख्या दोषांची गणना संपविण्यास अपुरी आहे. दुरुस्तीचा आरंभ करण्यास ती पुरेशी आहे. शिवाय पंधरा जणांची एकच चाचणी घेण्यापेक्षा पाच जणांची चाचणी, मग दुरुस्ती, मग नव्या पाच जणांची चाचणी, अशा तीन फेऱ्या अधिक फलदायी ठरतात. कारण दुरुस्तीतूनही नवे दोष जन्मास येतात.

वापरकर्त्यांची निवड

संख्येहून निवड अधिक महत्त्वाची आहे. संगणकशास्त्र विभागातील पाच विद्यार्थी जवळ असतात, तत्पर असतात. परंतु त्यांच्यावर केलेली चाचणी बहुधा निष्फळ ठरते, कारण विभागांची नावे आणि कार्यालयाची रचना त्यांस आधीच ठाऊक असते. त्यापेक्षा कळंबा व आसपासच्या गावांतील, नुकताच प्रथम वर्षात प्रवेश घेतलेले, घरी संगणक नसलेले आणि मोबाइलवरच सर्व कामे उरकणारे पाच विद्यार्थी पहिल्या फेरीसाठी निवडावेत. पाच जणांत पाच प्रकारचे लोक कोंबणे हेही योग्य नव्हे. तसे केल्यास प्रत्येक प्रकाराचा एकेकच प्रतिनिधी उरतो आणि वरील गणिताचा आधार सुटतो.

दुसरी फेरी माजी विद्यार्थ्यांची ठेवावी. सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ २००४ मध्ये झाले. तत्पूर्वी तेथील महाविद्यालये शिवाजी विद्यापीठास संलग्न होती. १९९८ साली सोलापुरातून पदवी घेतलेल्या स्त्रीस आज पदवी प्रमाणपत्राची दुसरी प्रत हवी असेल, तर तिने कोल्हापूरचे दार ठोठवावे की सोलापूरचे, हे पहिल्या पृष्ठावरून तिला कळते काय? कार्यालयातील कोणासही हा प्रश्न पडत नाही, म्हणूनच तो चाचणीत विचारावयाचा. तिसरी फेरी महाविद्यालयांतील कारकून आणि नेट कॅफेचे चालक ह्यांची असावी. त्याचे कारण पुढे येईल. वाचक-प्रणालीच्या साहाय्याने पडदा ऐकणाऱ्या अंध विद्यार्थ्यांची फेरीही टाळता कामा नये. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यानंतर ते औदार्याचे नव्हे, कर्तव्याचे काम झाले आहे.

चाचणीची रीत

चाचणी विद्यापीठाच्या आवारात घेऊ नये. प्राध्यापकांसमोर बसलेला विद्यार्थी अडखळला की "माझंच चुकलं, सर," असे म्हणतो आणि शेवटी सौजन्याने "साइट छान आहे," असा अभिप्राय देतो. दोन्ही वाक्ये चाचणीच्या दृष्टीने निरुपयोगी होत. कळंब्यातील एखाद्या घराची ओसरी किंवा वाचनालयाचा कोपरा, विद्यार्थ्याचा स्वतःचा मोबाइल आणि तेथे मिळेल तेवढी रेंज, ही परिस्थिती अधिक खरी आहे. चाचणी घेणारा त्याचा शिक्षक नसावा. परीक्षा पृष्ठाची आहे, विद्यार्थ्याची नव्हे, हे प्रथम स्पष्ट सांगावे, संमती घ्यावी, आणि खरा आधार क्रमांक वा संकेतशब्द नोंदीत येऊ देऊ नये.

कामे देताना पृष्ठावरील शब्द वापरू नयेत. "पुनर्मूल्यांकनाचा दुवा शोधा," असे म्हटले की उत्तर प्रश्नातच येते. "अर्थशास्त्राच्या पेपरात तुम्हाला अपेक्षेपेक्षा फार कमी गुण पडले आहेत, आता काय कराल?" असे विचारावे. त्यानंतर चाचणी घेणाऱ्याने गप्प राहावे. हा भाग दिसावयास सर्वांत सोपा आणि आचरावयास सर्वांत कठीण आहे. योग्य दुवा बोटभर अंतरावर असताना विद्यार्थी दुसरीकडेच जातो, तेव्हा "वर बघा ना," हे शब्द ओठांवर येतात. ते उच्चारले की दोष लपतो. विद्यार्थी अबोल झाला तर "सध्या मनात काय चाललं आहे?" एवढेच विचारावे.

एका सत्रास पाऊण तास धरल्यास पाच सत्रे एका दिवसात आटोपतात. खर्च प्रवासाचा, चहापाण्याचा, कागदाचा आणि विद्यार्थ्यांच्या अल्प मानधनाचा. संकेतस्थळ बांधणाऱ्यापैकी एकाने आणि परीक्षा विभागातील एका अधिकाऱ्याने मागे बसून पाहणे अगत्याचे आहे. लेखी अहवालातील दहा पानांनी जे पटत नाही, ते एका विद्यार्थ्याच्या पाच मिनिटांच्या धडपडीने पटते. सायंकाळी सर्वांच्या नोंदी एकत्र करून किती जण अडले आणि अडल्याने काम बुडाले की केवळ लांबले, ह्या दोन कसोट्यांवर दोषांचा क्रम लावावा आणि पहिले तीन तत्काळ दुरुस्त करावेत.

मराठी संकेतस्थळाचे विशेष दोष

काही दोष मराठीपुरते विशिष्ट आहेत. 'प्रवेशपत्र' हा शब्द परीक्षेच्या हॉल तिकिटास वापरतात. प्रथम वर्षाचा विद्यार्थी तोच प्रवेशाचा अर्ज समजू शकतो. विद्यार्थी 'मायग्रेशन' शोधतो, पृष्ठ 'स्थलांतर प्रमाणपत्र' म्हणते. ह्यावर एक बिनखर्ची उपाय आहे : प्रत्येक सेवेचे नाव एकेका कागदी पत्त्यावर लिहून विद्यार्थ्यांस त्यांचे गट पाडावयास व गटांस नावे द्यावयास सांगावे. त्यातून निघणारी रचना कार्यालयांच्या रचनेशी क्वचितच जुळते. दुसरा दोष लिपीचा. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला मजकूर, तसेच कागदाचे छायाचित्र घेऊन पीडीएफ म्हणून चढविलेले परिपत्रक, शोधयंत्रास सापडत नाही. अशा छायाचित्रापुढे अंध विद्यार्थ्याची वाचक-प्रणालीही मुकी होते. परिपत्रक प्रसिद्ध झाले, एवढीच कार्यालयाची नोंद उरते.

आकड्यांनी झाकलेले अपयश

"दरवर्षी हजारो अर्ज संकेतस्थळावरून येतात, मग दोष कोठे आहे?" असा आक्षेप घेतला जाईल. अर्ज आला, हे त्यावरून कळते. तो कोणी भरला, हे कळत नाही. जो विद्यार्थी दोनदा अडखळून नेट कॅफेत जातो आणि पैसे देऊन चालकाकडून अर्ज भरून घेतो, तो आकडेवारीत यशस्वी वापरकर्ता म्हणूनच नोंदला जातो. संकेतस्थळाचा खरा वापरकर्ता त्या वेळी कॅफेचालक असतो. त्याला प्रत्येक खाचखळगा पाठ झालेला असतो. त्याचा संकेतशब्द, त्याचा मोबाइल क्रमांक आणि कधी त्याचीच चूकही विद्यार्थ्याच्या अर्जात शिरते. ह्यासाठीच तिसऱ्या फेरीत त्याला स्थान द्यावयाचे. विद्यार्थी नेमके कोठे हात टेकतात, हे त्याच्याइतके कोणासही ठाऊक नसते.

वेळेचाही विचार केला पाहिजे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे पडद्यावरील मूल्यांकन एकाच हंगामात सर्व विद्याशाखांना लागू केले. निकालांनी ४५ दिवसांची मर्यादा ओलांडली, ते महिनोन् महिने लांबले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या प्रकरणाची कारणे अनेक होती आणि ती सर्व उपयोगसुलभतेत मोडत नाहीत. तरीही कोणतीही नवी व्यवस्था सर्वांवर सक्तीची करण्याआधी तिच्यापुढे थोडी माणसे बसवून पाहण्याचे मोल त्यावरून ध्यानी यावे. परीक्षा अर्जाचे पृष्ठ अर्ज सुरू होण्याच्या दिवशी तपासून उपयोग नाही. ते महिनाभर आधी, कच्च्या आराखड्याच्या अवस्थेत, कागदावरच तपासावे.

ह्या पद्धतीच्या मर्यादा उघड आहेत. संकेतस्थळावर एकाच वेळी हजारोंचा भार पडल्यास काय होते, हे ती सांगत नाही. किती टक्के विद्यार्थी अडतात, ह्याचे सांख्यिकीय अनुमानही पाच जणांवरून काढता येत नाही. ते काम मोठ्या पाहणीचे आहे. परंतु कोणत्या शब्दापाशी आणि कोणत्या पायरीवर विद्यार्थी थांबतो, एवढे कळले तरी दुरुस्ती सुरू होते, आणि त्यासाठी लागणारी सामग्री प्रत्येक विभागाकडे आजच आहे : पाच विद्यार्थी, एक वही, एक दिवस, आणि न बोलता पाहत राहण्याची तयारी.