एक नांव, अनेक धनी

शब्दांचे यौगिक, रूढ व योगरूढ असे प्रकार आमच्या शास्त्रकारांनीं मानिले आहेत. 'पाचक' म्हणजे शिजविणारा. येथें अर्थ अवयवांवरूनच निघतो. 'पंकज' म्हणजे चिखलांत जन्मलेलें. पण बेडकास कोणी पंकज म्हणत नाहीं. 'गो' शब्दाचें मूळ 'जाणें' या धातूंत आहे, तरी बसलेल्या गाईसहि आपण गायच म्हणतों. व्यापारी घराण्यांच्या नांवांचीहि हीच गति होते. 'फोर्ब्स' हें नांव त्याचें उत्तम उदाहरण होय.

जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावरील आमच्या शिळफाट्यास हें नांव उच्चारलें, तर गृहिणीस पाणी शुद्ध करण्याचें यंत्र आठवेल, कारखान्यांतील बॉयलरवाल्यास वाफेचीं उपकरणें, आणि कॉलेजांतील मुलास जगांतील धनिकांची यादी. या तिघांचा फोर्ब्स एकच काय?

मूळ पाहूं गेल्यास स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीन परगण्यांतील एका भूमीचें हें नांव. आमच्याकडे गांवाच्या नांवास 'कर' लागून आडनांव होतें, तसें तें भूमीवरून कुळास मिळालें. या परगण्यांतील जॉन फोर्ब्स यानें 1767 सालीं मुंबईस पेढी घातली. पुतण्या चार्ल्स याच्या हातीं ती भरभराटली. 1803 सालीं इंग्रज-मराठ्यांचें दुसरें युद्ध जुंपलें, तेव्हां मुंबई सरकार ज्या मोजक्या पेढ्यांच्या कर्जावर अवलंबून होतें, त्यांत ही एक होती. मराठेशाहीच्या पराभवाची कथा सांगतांना आपण तोफा व तलवारी मोजतों. सावकाराची वही उघडीत नाहीं. परंतु न्यायानें हेंहि सांगितलें पाहिजे, कीं हाच चार्ल्स पुढें पार्लमेंटांत हिंदी लोकांच्या हिताचा पक्ष घेऊन बोलत असे. मुंबईच्या टाउन हॉलमध्यें चँट्रे या शिल्पकारानें घडविलेला त्याचा पुतळा आहे.

येथें वाचकांनीं एक सावधगिरी बाळगावी. 1775 सालीं राघोबादादांच्या साह्यास गेलेल्या कर्नल कीटिंगच्या फौजेबरोबर जेम्स फोर्ब्स नांवाचा कंपनीचा नोकर होता. 'ओरिएंटल मेम्वार्स' हा ग्रंथ त्यानें 1813 सालीं प्रसिद्ध केला. तो या पेढीचा धनी नव्हे. गुजरातचा इतिहास सांगणारी 'रासमाळा' 1856 सालीं प्रसिद्ध करणारा अलेक्झांडर किनलॉक फोर्ब्स हा तिसराच. तो न्यायाधीश होता व 1865 सालीं पुण्यास वारला. मुंबईची फोर्ब्स गुजराती सभा याच्या नांवानें आहे. एका आडनांवाचें पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर मांडणें हा हिशेबाचा दोष होय.

पेढीचें पुढें काय झालें? घटप्रभेच्या धबधब्यावर 1885 सालीं स्थापन झालेली गोकाकची सूतगिरणी तिच्या कारभारांत आली. स्वातंत्र्यानंतर पेढी टाटा समूहाकडे व नंतर शापूरजी पालनजी घराण्याकडे गेली. 1982 सालीं एका स्वीडिश कंपनीच्या भागीदारींत 'युरेका फोर्ब्स' निघाली. तिचे विक्रेते दारोदार जाऊन प्रथम धूळ ओढणारें यंत्र व मग पाणी शुद्ध करणारें यंत्र विकूं लागले. पुढें तीहि कंपनी पेढीपासून वेगळी होऊन दुसऱ्या हातीं गेली. नांव मात्र राहिलें. पुण्याजवळ कासारवाडीस वाफेचीं उपकरणें करणारी 'फोर्ब्स मार्शल' ही निराळीच संस्था असून ती चालविणारें फोर्ब्स कुटुंब पारशी आहे. धनिकांची यादी छापणारें मासिक तर बी. सी. फोर्ब्स यानें 1917 सालीं अमेरिकेंत काढलें. तोहि अ‍ॅबर्डीन परगण्यांतलाच; मुंबईच्या पेढीशीं त्या मासिकाचा संबंध नाहीं.

यांत आमच्या एकत्र कुटुंबांनीं घेण्याजोगें पुष्कळ आहे. वाटणीच्या वेळीं शेत, घर, भांडीं यांचे भाग पडतात. आडनांवाचे पडत नाहींत. तें प्रत्येक भावास अखंड मिळतें, आणि ज्याच्या त्याच्या करणीनें त्याचा अर्थ बदलत जातो. पणजोबांची कीर्ति नातवाचें कर्ज फेडीत नाहीं, हें खरें. पण नातवाच्या कर्जबाजारीपणानें पणजोबांचें नांव बाजारांत उतरतें, हेंहि खरें. म्हणून मुलांस घराण्याचें नांव सांगतांना पूर्वजांनीं काय केलें, कोणास दिलें व कोणाचें बुडविलें, हें सारें सांगावें. अर्थ ठाऊक असलेलें नांव वापरतांना माणूस जपून वागतो.